कल्ला उघडून दाखवता येत नाही तेव्हा

सातपाटीच्या बंदरात होडी लागली की मासळी घ्यायला आलेल्या बायकांची तपासणी बघत उभं राहावं. पापलेट हातात येतं, अंगठा कल्ल्याखाली जातो, आतली लाली बघून होते. मग पोटावर बोटाचा दाब. खळगा लगेच भरून आला तर मासा ताजा, तसाच राहिला तर बर्फात चार दिवस काढलेला. डोळा फुगीर की खोल गेलेला, हेही त्याच दमात. पाच सेकंदांत निकाल, आणि लगेच भावाची घासाघीस. या तपासणीला दोनच गोष्टी लागतात. मासा समोर हवा, आणि विकणारा उद्याही याच बंदरावर भेटणारा हवा.

आता तीच मासळी रॉटरडॅमच्या बंदरात नेऊन ठेवा. उणे १८ अंशांत गोठलेली, पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोकं कंटेनरमध्ये. घेणाऱ्याला कल्ला उचलता येत नाही आणि विकणाऱ्याचं तोंड त्याने कधी पाहिलेलं नाही. मग तो कागद मागतो. अन्नाच्या परदेशी व्यापारात जे अडथळे म्हणून ओळखले जातात, त्यातले बरेचसे या एका अडचणीतून निघालेले आहेत. कागदावर काय लिहायचं, ते कोणी लिहायचं आणि कोणाच्या सहीवर विश्वास ठेवायचा, यावरून देशादेशांत वर्षानुवर्षं भांडणं चालतात. आणि ही भांडणं श्रीमंताने गरिबाला दार बंद करण्यापुरतीच असतात असंही समजू नये. जपान आणि कोरिया, अमेरिका आणि युरोप हे एकमेकांना असंच अडवतात.

जकातीचं आधी उरकून घेऊ, कारण ती समजायला सोपी आहे. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावर एकूण ५० टक्के जकात लावली आणि कोळंबीवाल्यांच्या पोटात गोळा आला. त्याच्या महिनाभर आधी, २४ जुलैला, ब्रिटनशी झालेल्या करारावर सही झाली होती आणि त्यात कोळंबीवरची जकात शून्यावर आणायचं ठरलं होतं. जकात अशी एका सहीने चढते, एका सहीने उतरते. आकडा माहीत असतो, किमतीत धरता येतो. पण जकात शून्य झाली म्हणून प्रयोगशाळेचं दार उघडत नाही. ते दार वेगळं आहे.

पालघरच्या किनारपट्टीला खाजणात कोळंबीचे तलाव आहेत. त्यातल्या एका तलावाची कोळंबी युरोपला निघाली आहे असं धरू. जात बहुधा व्हेनामी, म्हणजे मूळची लॅटिन अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची, भारतात २००९ पासून परवानगी मिळालेली. युरोपला जाणाऱ्या कोळंबीची पहिली परीक्षा ती पाण्यात असतानाच होते. तलाव उपसण्याआधी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि त्यात बंदी असलेल्या प्रतिजैविकांचा अंश नाही असा दाखला लागतो. हे काम केंद्र सरकारच्या समुद्री उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे सगळे ज्याला एम्पेडा म्हणतात त्याच्याकडे आहे. दाखला मिळाला की कोळंबी प्रक्रिया कारखान्यात जाते. कारखानाही कुठलाही चालत नाही. युरोपने मान्य केलेल्या यादीत त्याचा क्रमांक असावा लागतो आणि तो क्रमांक खोक्यावर छापावा लागतो. पुढे निर्यात तपासणी परिषदेचा आरोग्य दाखला, मग न्हावा शेवा, मग समुद्र. आणि इतकं करून पोचलेल्या कंटेनरांपैकी निम्मे तिकडच्या बंदरात पुन्हा तपासले जातात. भारतातल्या तलावांच्या कोळंबीसाठी हे प्रमाण आधी १० टक्के होतं, २०१६ मध्ये युरोपने ते ५० टक्के केलं.

शोधतात काय? नायट्रोफ्युरान आणि क्लोरॅम्फेनिकॉल ही दोन नावं या धंद्यात पोरासोरांनाही पाठ असतात. तलावात रोग आला की कधीकाळी ही औषधं सर्रास टाकली जायची. आता दोन्हींवर बंदी आहे, भारतातही. नायट्रोफ्युरानच्या अंशासाठी युरोपची रेषा किलोला एक मायक्रोग्रॅम होती, नोव्हेंबर २०२२ पासून ती अर्ध्यावर आली. मायक्रोग्रॅम डोळ्यासमोर येत नाही, म्हणून ट्रक घ्या. दहा टन कोळंबीने भरलेल्या ट्रकमध्ये सगळं मिळून पाच मिलिग्रॅम. मिठाच्या कणांत मोजलं तर चिमटीच्या टोकावर राहील इतकं. ट्रकभर मालात तेवढं सापडलं तर माल परत किंवा नष्ट. शिवाय युरोपच्या सगळ्या बंदरांना एकाच वेळी इशारा जातो आणि त्या कारखान्याच्या पुढच्या मालाकडे लोक वेगळ्या नजरेने बघू लागतात.

इथे एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. रेषा खाली येते ती दर वेळी धोका वाढला म्हणून येते असं नाही. यंत्राला जास्त बारीक दिसू लागलं, म्हणूनही ती खाली सरकते. ज्याच्याकडे नवं यंत्र, तो रेषा आखतो. ज्याच्याकडे जुनं, तो आपला माल स्वच्छ आहे असं मनापासून म्हणत असतो आणि ते त्याच्या यंत्रापुरतं खरंही असतं.

तलावाची कोळंबी त्या मानाने सोपी. तलाव एका जागी आहे, मालक ठरलेला आहे. समुद्रातल्या मासळीचं अवघड. चोरून, बेकायदा मासेमारी थांबवायची म्हणून १ जानेवारी २०१० पासून युरोप समुद्रातल्या मासळीबरोबर पकड दाखला मागतो. कुठल्या बोटीने, कुठल्या जाळ्याने, कुठल्या पाण्यात आणि कधी पकडली, हे सगळं त्यात. मागणी वाजवी आहे, त्यात खोट काढता येणार नाही. पण बंदरावर काय होतं ते बघा. दहा होड्यांची मासळी वजनाप्रमाणे वेगळी केली जाते, एका गटातली पापलेटं एकाच बर्फाच्या पेटीत पडतात आणि पेटी ट्रकवर चढते. तळोज्याच्या किंवा वेरावळच्या कारखान्यात पेटी उघडेपर्यंत ते पापलेट नुसतं ‘एक नंबर’ किंवा ‘दोन नंबर’ उरलेलं असतं. कुठल्या नाखव्याचं, ते पुसलं गेलेलं असतं. मोठ्या ट्रॉलरची कंपनी एका बोटीचा माल वेगळा ठेवू शकते, नोंदीला माणूस ठेवू शकते. आठ खलाशांच्या होडीवर बारा तास जाळं ओढलेल्या माणसाकडून तीच नोंद त्याच शिस्तीत मागितली जाते. नियम सगळ्यांना एक, पण तो पाळण्याचा खर्च मात्र होडीगणिक वेगळा.

याच पाण्यात आणखी एक भांडण तरंगत असतं, कासवांचं. पावसाळ्यात डहाणू ते केळवा या पट्ट्यात जखमी समुद्री कासवं किनाऱ्याला लागतात आणि त्यांच्यावर उपचार करणारं केंद्र डहाणूतच आहे. अमेरिकेने १९८९ मध्ये कायदा केला की ज्या देशात कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यांत कासवं मरतात, त्या देशाची समुद्री कोळंबी घ्यायची नाही. उपाय त्यांनीच सांगितला. जाळ्याच्या गळ्यात सळ्यांची तिरपी चौकट बसवा. कोळंबी सळ्यांतून मागच्या पिशवीत जाते, कासव चौकटीला आपटून वरच्या झडपेतून निसटतं. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. १९९८ चा निकाल अनेकांना उलटसुलट वाटतो, पण नीट वाचला तर शहाणा आहे. कासवं वाचवायचा अमेरिकेचा हेतू योग्य, असं त्यात म्हटलं आहे. चूक दुसरीकडे सापडली. कॅरिबियन भागातल्या देशांना तयारीला तीन वर्षं दिली होती, आशियातल्यांना अवघे चार महिने. निकालानंतर अमेरिकेने पद्धत सुधारली, कायदा कायम ठेवला. २०१९ पासून भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी अमेरिकेत जात नाही, तलावातली जाते. पालघरकडची डोल म्हणजे खांबांना बांधून प्रवाहात उघडं ठेवलेलं जाळं, ते ट्रॉलसारखं तळ खरवडत ओढलं जात नाही. पण बंदी देशावर पडते, आणि आमचं जाळं वेगळं हे सांगायला पुन्हा कागदच लागतो.

मघाशी म्हटलं की श्रीमंत देशही एकमेकांना अडवतात. त्याचं उदाहरण समजून घ्यायला तारापूरच्या माणसाला लांब जावं लागत नाही. घिवली, उच्छेळी, दांडी या गावांच्या होड्या समुद्रात जातात त्या अणुऊर्जा केंद्राच्या भिंतीकडे पाठ करून. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधल्या, १९६९ मध्ये त्या सुरू झाल्या. फुकुशिमाची पहिली भट्टी त्याच कंपनीची, त्याच घराण्यातली. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर फुकुशिमाच्या अणुकेंद्रात जो अपघात झाला त्याची बातमी इथल्या किनाऱ्यावर जरा जास्तच लक्ष देऊन वाचली गेली. त्यानंतर ५५ देशांनी आणि प्रदेशांनी जपानी अन्नावर निर्बंध घातले.

जपानने २०१२ मध्ये स्वतःच रेषा आखली. अन्नात किलोला १०० बेकरेलपेक्षा जास्त सीझियम नको. बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. अन्नमानकांची आंतरराष्ट्रीय संस्था कोडेक्स हीच रेषा १,००० वर ठेवते. अमेरिका १,२०० वर. सीझियम तेच, माणसाचं शरीर तेच, मग दहापट फरक आला कुठून? हिशेब असा आहे. वर्षभरात अन्नातून एक मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त किरणोत्सार माणसाला मिळू नये, हे जपान आणि कोडेक्स दोघांनाही मान्य. कोडेक्सने धरलं की माणसाच्या ताटातला दहातला एक भाग अन्न दूषित असेल. जपानने धरलं की निम्मं असेल, कारण अपघात त्यांच्याच घरात झाला होता. म्हणजे रेषेचा मोठा वाटा ताटाबद्दलच्या अंदाजातून आला. सरकारी मर्यादा कुठलीही असो, तिच्या पोटात असा एखादा अंदाज बसलेला असतो, आणि भांडण बहुतेक वेळा त्या अंदाजावरून असतं. प्रयोगशाळा बिचारी मध्ये सापडते.

दक्षिण कोरियाने सप्टेंबर २०१३ मध्ये जपानच्या आठ प्रांतांतली सगळी मासळी बंद केली. जपान म्हणाला, आमचे आकडे तपासा, मासे तुमच्या मर्यादेतच आहेत. व्यापार संघटनेच्या पंचांनी २०१८ मध्ये जपानच्या बाजूने कौल दिला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये अपिलात तो फिरला. अपील मंडळाचं म्हणणं असं की पंचांनी माशात आज किती सापडतं एवढंच पाहिलं, त्या समुद्रात उद्या काय होऊ शकतं हे कोरियाचं म्हणणं विचारात घेतलं नाही. दोन्ही देश श्रीमंत, दोघांकडे उत्तम यंत्रं, आकड्यांवर फारसा वादही नाही. तरी मासा अडला, कारण सोलमधल्या गिऱ्हाइकाला जपानी सरकारच्या शब्दावर भरवसा नव्हता. सातपाटीच्या बाईच्या भाषेत सांगायचं तर कल्ला लाल होता, पण विकणाऱ्याकडे बघून तिचा हात मागे गेला.

या सगळ्याला नियम आहे बरं का. १ जानेवारी १९९५ पासून व्यापार संघटनेचा एक करार लागू आहे. माणसाच्या, जनावराच्या किंवा पिकाच्या आरोग्यासाठी माल अडवायचा असेल तर शास्त्रीय आधार दाखवा, असं तो सांगतो. जपान अमेरिकी सफरचंदांवर असाच अडला होता. झाडं करपवणाऱ्या एका जीवाणूच्या भीतीने बागेभोवती ५०० मीटर मोकळा पट्टा आणि वर्षाला तीन तपासण्या अशा अटी त्याने घातल्या होत्या. पिकलेल्या निरोगी सफरचंदातून हा रोग पसरतो याला पुरावा नाही, म्हणून २००३ मध्ये जपान हरला. युरोपने संप्रेरकं टोचलेल्या गुरांचं मांस १९८९ पासून बंद केलं, १९९८ मध्ये तो हरला आणि तरीही बंदी उठवली नाही. मग अमेरिकेने १९९९ मध्ये रोकफोर चीजवर १०० टक्के जकात लावली आणि चिडलेल्या फ्रेंच मेंढपाळांनी त्या ऑगस्टमध्ये मियो गावात बांधकाम चालू असलेलं मॅकडॉनल्ड्स उचकटून टाकलं. मांसाच्या भांडणात चीजवाल्याचा काय संबंध, हे त्या मेंढपाळांना आजवर कोणी धड समजावलेलं नसावं.

आपणही यात मागे नाही. बर्ड फ्लूचं कारण देऊन भारताने अमेरिकी कोंबडी आणि अंडी अडवली होती. २०१५ मध्ये आपण तो खटला हरलो, कारण नियम आंतरराष्ट्रीय मानकांना धरून नव्हता. अमेरिकी दुधाच्या पदार्थांसाठी आपण दाखला मागतो की गायीला प्राण्यांपासून बनवलेलं खाद्य दिलेलं नाही. आपल्याला तो श्रद्धेचा विषय वाटतो, त्यांना अडथळा वाटतो. रोकफोरवाल्यालाही अमेरिकेची जकात असाच अडथळा वाटत असणार.

आता डहाणू-घोलवडच्या चिकूकडे येऊ. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आता चिकू साता समुद्रापार जाणार अशी भाषणं झाली. मानांकन नावाचं रक्षण करतं. दुसऱ्या गावचा चिकू घोलवडचा म्हणून विकता येत नाही, इतकंच. परदेशात फळ शिरायचं तर त्या देशाचं आणि त्या फळाचं नाव असलेली वेगळी परवानगी लागते. फळावर आणि आत कुठले किडे असू शकतात याची यादी द्यायची, प्रत्येक किड्यावर उपाय ठरवायचा, तो उपाय होताना बघायला कोण येणार हे ठरवायचं. चिकूच्या बीत शिरणारी एक अळी घोलवडच्या बागायतदारांना चांगलीच माहीत आहे, वरून फळ धडधाकट दिसतं आणि कापल्यावर बी पोखरलेली निघते. त्यात चिकू उतरवल्यावर आठवडाभरात मऊ पडतो. प्रयोगशाळेतला प्रत्येक दिवस त्याच्या आयुष्यातून वजा होतो. कोळंबी गोठवून थांबवता येते, चिकू थांबत नाही.

या वाटेने किती वेळ लागतो ते आंब्याकडून शिकावं. माशी आणि कोयीतल्या भुंग्याच्या भीतीने अमेरिकेने १९८९ पासून भारतीय आंबा बंद ठेवला होता. वाट उघडली ती तारापूरच्याच गल्लीतून म्हणता येईल. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने तारापूरच्या इंधनावरून हात आखडता घेतला होता, आणि ते दुखणं अनेक दशकं चाललं. मार्च २००६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश दिल्लीत आले तेव्हा भारत-अमेरिका अणुकराराच्या टेबलावरच आंब्याचाही विषय निघाला. उपाय ठरला तोही अणूचाच. आंब्याला किमान ४०० ग्रे गॅमा किरण द्यायचे, म्हणजे आतला किडा मेला नाही तरी वांझ होतो. एप्रिल २००७ मध्ये लासलगावच्या केंद्रातून पहिले आंबे गेले. आंब्याला १८ वर्षं लागली, आणि मध्ये एक अणुकरार लागला.

आता हे काम वाशीतही होतं. अमेरिकी कृषी खात्याचा अधिकारी हंगामात तिथे येऊन बसतो, किरणांची मात्रा बघतो आणि प्रत्येक खेपेच्या फॉर्मवर सही करतो. कोविडच्या काळात तो येऊ शकला नाही, तर दोन हंगाम आंबा गेलाच नाही. मे २०२५ मध्ये वाशीहून गेलेल्या सुमारे १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाच्या विमानतळांवर अडवल्या गेल्या. किडा सापडला नव्हता. फॉर्म चुकीचा भरलेला होता, त्यामुळे किरण दिल्याचा पुरावा ग्राह्य धरता येत नाही असं सांगण्यात आलं. निर्यातदारांपुढे दोन पर्याय होते, आंबे स्वखर्चाने परत न्या किंवा तिथेच नष्ट करा. परतीचं विमानभाडं बघून त्यांनी पेट्या तिथेच नष्ट करायला दिल्या.